चर्चमधली शाळा, एक पडदा आणि वायल्डरसाहेब

तर झालं असं, की मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका मित्राचा मेल आला. सोबत एक एक्सेल शीट. उघडलं तर आत आकडे नव्हतेच, नुसते रंगीत चौकोन. खाली लिहिलेलं : "भावा, हे आमचं चर्च. रविवारी सकाळी चार वर्ग बसवायचेत. तुम्ही लोक दिवसभर चौकोनच मांडता ना? मांडून दे."

सॉफ्टवेअरवाल्याला सगळे बॉक्स सारखेच, असं याचं ठाम मत आहे. असो. दोन रविवार त्या चौकोनांत गेले आणि वाचता वाचता भलतंच काही सापडलं. चर्चच्या इमारतीत वर्ग कसे बसवायचे, याआधी ते बसवावेत का, हाच प्रश्न एकेकाळी विचारला गेला होता. आणि त्यावरून एका माणसाचं त्याच्या संस्थेशी कायमचं फाटलं. तो माणूस आपल्या कोल्हापूरचाच. म्हणजे जन्माने नव्हे, पण कामाने नक्की.

रॉयल गूल्ड वायल्डर. जन्म १८१६, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. १८४६ मध्ये अमेरिकन बोर्डाच्या मिशनतर्फे तो बायकोसह अहमदनगरला आला. त्या काळचं नगर म्हणजे शाळांचं गाव. सिंथिया फरारबाईंच्या मुलींच्या शाळा तिथल्याच. त्या पाहून आल्यावर जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आपल्याला माहीत असतं. वायल्डर त्याच हवेत सहा वर्षं राहिला आणि १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आला. आल्या आल्या शाळा काढायच्या, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

इथे एक गंमत. १८५४ च्या जुलैमध्ये वुडचा खलिता आला. सरकार म्हणालं, खाजगी शाळांना, मिशनच्या धरून, अनुदान देऊ. म्हणजे शाळा काढणाऱ्यासाठी दिवाळीच. आणि नेमकं त्याच सुमाराला बोस्टनहून अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी रूफस अँडरसन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्यांनी इंग्रजी शाळांना कात्री लावायला सुरुवात केली. श्रीलंकेतली जाफन्याची बट्टीकोटा सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली ती याच धोरणातून.

अँडरसन मूर्ख नव्हता बरं का. त्याचं म्हणणं असं, की इंग्रजी शाळांतून कारकून बाहेर पडतात, ख्रिस्ती माणसं नाहीत. मग मिशनने पैसा तिथे का घालावा? त्यापेक्षा लोकांच्या भाषेत उपदेश करा, इथल्या माणसांतून पाळक तयार करा, मंडळी त्यांच्या हाती द्या आणि पुढे चला. आज वाचताना 'लोकांची संस्था लोकांच्या हाती' हा भाग मला तर पटतो. पण त्याच फटक्यात शाळा दुय्यम ठरल्या, हे वायल्डरला पटेना.

१८५७ मध्ये तो अमेरिकेला परत गेला. वाद वाढत गेला, बोर्डाशी संबंध तुटला. गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता. १८६१ मध्ये त्याने 'हिंदुस्थानातील मिशन शाळा' या विषयावर इंग्रजीत आख्खं पुस्तक छापलं, आणि त्याच वर्षी कुठल्याही बोर्डाच्या पाठबळाशिवाय कोल्हापूरला परत आला. जरा विचार करा. नोकरी गेलेली, पगार नाही, बोटीचा लांबलचक प्रवास वगैरे तर सोडाच, आणि माणूस परत कुठे येतो, तर जिथल्या कामावरून भांडण झालं तिथेच! १८७० मध्ये प्रेसबिटेरियन बोर्डाने त्याचं मिशन आपल्याकडे घेतलं, तोवर नऊ वर्षं त्याने ते स्वतंत्रपणे चालवलं. १८७५ मध्ये तो कायमचा परत गेला. कोल्हापुरातलं वायल्डर मेमोरियल चर्च त्याच्या नावाचं. अनेक वर्षं ते नाव मी कुणा इंग्रज अधिकाऱ्याचं समजत होतो.

आता वर्गखोल्यांकडे. आपल्याकडे 'वर्गखोली' ही वस्तूच मुळी नवी. पंतोजींची शाळा देवळाच्या सभामंडपात, नाहीतर कुणाच्या ओसरीवर. प्रत्येक पोर आपापल्या धड्यावर, सगळी मोठ्याने घोकणार, आणि पंतोजी एका जागी. गोंगाट ही अडचण नव्हती, तीच पद्धत होती. पोर गप्प झालं की छडी! माझे आजोबा चौथीपर्यंत मारुतीच्या देवळातच शिकले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गावोगावी मुलं शाळेत आणायची तर त्या काळात देऊळ, चावडी, धर्मशाळा हीच तयार जागा असायची.

पण चर्च म्हणजे देवळाचा सभामंडप नाही. मंडप बाजूंनी उघडा, आवाज निघून जातो. चर्च म्हणजे उंच छप्पर, जाड कोऱ्या भिंती, सगळी बाकं एका दिशेला. एक माणूस बोलणार आणि बाकीचे ऐकणार, यासाठी बांधलेली जागा. तिथे चार मास्तर एकदम बोलायला लागले की आनंदच.

अमेरिकेत यावर एका कारखानदाराने तोडगा काढला होता. लुइस मिलर, ओहायोतल्या अॅक्रन गावचा, गवत कापायची यंत्रं बनवायचा. (पुढे एडिसनचा सासरा झाला.) १८७० च्या सुमारास त्याच्या चर्चमध्ये त्याने रविवारच्या शाळेसाठी वेगळी वास्तू उभारली. मधे मोठं दालन, भोवती अर्धवर्तुळात छोट्या खोल्या, दोन मजली. दारं उघडली की सगळे वर्ग मधल्या सुपरिंटेंडेंटसमोर, बंद केली की आपापल्या खोलीत. प्रार्थना एकत्र, धडा वेगवेगळा बसून, शेवटी पुन्हा एकत्र. हा 'अॅक्रन प्लॅन' अमेरिकाभर पसरला.

मला यातली खरी मजेची गोष्ट ही वाटली, की ही रचना एका गृहीतकावर उभी होती. लहान-मोठे सगळे एका रविवारी एकच धडा शिकणार. १८७२ मध्ये तसा समान अभ्यासक्रम आलाही. मग १९०८ मध्ये वयाप्रमाणे वेगळे धडे सुरू झाले, आणि सगळ्यांनी एका वेळी दारं उघडायची गरजच संपली. उरला तो घडीच्या दारांतून येणारा शेजारच्या वर्गाचा आवाज. काही वर्षांत प्लॅन मागे पडला. रिक्वायरमेंट बदलली आणि आख्खं आर्किटेक्चर कोसळलं. आमच्याकडे हे दर सहा महिन्यांनी होतं, फक्त आमचं विटांचं नसतं.

मित्राला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पडदा लावू का भिंत घालू?"

भिंतीला कमिटीतले ज्येष्ठ तयार नव्हते. लग्नं, नाताळ, सगळं त्याच हॉलमध्ये. मग आठवला वॉलेस सबाइन. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणायच्या, मांडायच्या, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग केला. त्यातून सूत्र निघालं : घनफळाला आवाज शोषणाऱ्या पृष्ठाने भागा, ०.१६१ ने गुणा, घुमण्याचे सेकंद मिळतात.

मित्राला म्हटलं, टाळी वाजव आणि मोबाईलवर मोज. जवळजवळ ३ सेकंद. हॉल १८ मीटर लांब, ९ रुंद, ७ उंच. म्हणजे ११३४ घनमीटर, शोषणारं पृष्ठ जेमतेम ६१ चौरस मीटर. घुमणं निम्म्यावर आणायचं तर आणखी तितकंच हवं. पडदा आवाज अडवत नाही, थोडा पितो. मुलं स्वतःही पितात. (गप्प असली तर.)

शेवटी ठरलं ते असं. मधे एकच जाड, दुहेरी पडदा, भरपूर चुण्यांचा. खाली जमखाने. बाजूच्या भिंतींवर घरोघरच्या जुन्या गोधड्या टांगायच्या. चारही वर्ग चार कोपऱ्यांत, मास्तर कोपऱ्याला पाठ लावून नाही तर मुलांकडून कोपऱ्याकडे तोंड करून बोलणार, म्हणजे त्यांचा आवाज शेजारच्या वर्गावर जाणार नाही. सगळ्यात लहान मुलांचा वर्ग, ज्यात गाणी असतात, तो हॉलमध्ये नकोच. तो व्हरांड्यात. पावसाळ्यात काय, ते अजून ठरायचंय.

परवा पुन्हा फोन आला. गोधड्या ३१ जमल्या. टाळी आता २ सेकंदांवर आली आहे. एका आजीने मात्र आपली गोधडी परत मागितलीय, थंडी सुरू झाली म्हणून.