एक मिलिमीटरची कड

दोन मोठे खिळे घ्या आणि टेबलावर एकावर एक आडवे ठेवा, दोघांची टोकं एकाच दिशेला. आता वरच्या खिळ्याला मागून ढकला. त्याचं डोकं खालच्या खिळ्याच्या डोक्याच्या पुढे असेल, तर तो सहज निघून जाईल. पण मागे असेल, तर तो खालच्यालाही ओढत नेईल. खालच्याला पुढे जायला जागाच नसेल तर दोघंही तिथेच अडकतील.

'थ्री नॉट थ्री' या नावाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाणारी ली-एन्फील्ड रायफल ज्या एका बिघाडासाठी बदनाम आहे, तो इतकाच आहे. त्याला रिमलॉक म्हणतात. तिच्या काडतुसाच्या बुडाला खिळ्यासारखीच बाहेर आलेली कड असते, तीच रिम. बुडाजवळ काडतुसाचा व्यास ११.७ मिलिमीटर आणि रिमचा १३.७. म्हणजे कड प्रत्येक बाजूला जेमतेम एक मिलिमीटर बाहेर. मॅगझीनमधल्या वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे गेली, की शिपाई बोल्ट पुढे रेटतो आणि बोल्ट मध्येच थांबतो.

ती कड तिथे आली कशी आणि राहिली कशी, ही गोष्ट मला रायफलीपेक्षाही जास्त ओळखीची वाटते. माझा धंदा सॉफ्टवेअरचा. कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या निर्णयाभोवती दुरुस्त्यांचे थर चढवत बसणं हे आमचं रोजचं काम. इथे मात्र अशा दुरुस्त्यांचा खर्च शिपायांनी भरला.

साल १८८८. ब्रिटनने ली-मेटफर्ड रायफल आणि तिच्यासाठी .३०३ काडतूस स्वीकारलं, रिमवालं. त्याच वर्षी जर्मनीने आपली नवी रायफल आणली आणि तिच्या काडतुसाची रिम काढून टाकली. बाहेर आलेल्या कडेऐवजी बुडाजवळ एक खाच कोरली, म्हणजे रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याला पकड मिळते आणि काडतूस बाहेरून सरळ राहतं. एकाच वर्षी दोन देशांनी दोन दिशा धरल्या. पुढच्या सत्तर वर्षांचा त्रास तिथेच ठरला.

पण ब्रिटिशांना लगेच मूर्ख ठरवू नये. त्यांची आधीची मार्टिनी-हेन्री रायफल एकावेळी एकच गोळी भरायची होती आणि तिथे रिम फार सोयीची. काडतूस चेंबरमध्ये किती आत जायचं हे रिमच ठरवते. कड चेंबरच्या तोंडाशी टेकली की काम झालं, आतला आकार थोडा सैल असला तरी चालतं. रिम काढली की ती जबाबदारी काडतुसाच्या खांद्यावर, म्हणजे पुंगळी निमुळती होते त्या भागावर येते आणि तिथे कारखान्याला जास्त नेमकं काम करावं लागतं. जगभर पसरलेल्या साम्राज्याला चिखलातही चालणारं, ढिलं-ढाळं काडतूस आवडणं साहजिक होतं. शिवाय काडतुसं पट्ट्यातून मागे खेचून घेणाऱ्या व्हिकर्ससारख्या मशीनगनला तर रिमची चांगलीच पकड मिळते.

घोळ झाला तो मॅगझीनमुळे. रायफलीच्या पोटाखालची ही पेटी जेम्स पॅरिस ली या माणसाची. जन्म स्कॉटलंडचा, वाढला कॅनडात, कारकीर्द अमेरिकेत. त्याने १८७९ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आत स्प्रिंग, स्प्रिंगवर एक फळी, फळीवर काडतुसं, आणि वर पत्र्याचे वाकवलेले 'ओठ', काडतूस उडून जाऊ नये म्हणून. कल्पना झकास. आजच्या बहुतेक लष्करी रायफलींचं मॅगझीन याच कल्पनेचं वंशज आहे. पण एकेकट्या गोळीसाठी सोयीची असलेली रिम आता एकावर एक रचली जाणार होती.

रशियानेही १८९१ च्या मोसिन रायफलीत रिम ठेवली. त्यांनी आत एक छोटा भाग बसवला, जो वरचं काडतूस पुढे जाईपर्यंत दुसऱ्याला खाली दाबून धरतो. रिमला रिम भिडायची वेळच येत नाही. हे मला फार आवडतं, कारण त्यांनी काळजी यंत्रावर सोपवली. ब्रिटिशांनी ती बरीचशी माणसावर सोपवली. सुटी काडतुसं भरताना प्रत्येकाची रिम आधीच्या रिमच्या पुढे पडली पाहिजे, हे शिपायाने पाहायचं. गोळीबारात, थंडीत, अंधारात.

बोअर युद्धात याची किंमत दिसली. समोरच्या बोअरांकडे जर्मन माउझर, त्यात पाच काडतुसं एका पत्र्याच्या पट्टीतून अंगठ्याच्या एका दाबाने आत. ब्रिटिश शिपाई एकेक गोळी भरत बसलेला. त्यानंतर आलेल्या आखूड ली-एन्फील्डमध्ये तशीच पट्टी, म्हणजे चार्जर, वापरायची सोय झाली. या चार्जरमध्येही रिमची समजूत काढावी लागली. पाच काडतुसं एक-आड-एक रचायची, तीन रिम खाली, दोन वर. म्हणजे पट्टी कुठल्याही टोकाने बसवली तरी रचना तीच. मग अंगठा काडतुसांच्या बुडाशी ठेवून एका दमात ठाम दाबायचं. ली-एन्फील्डचा वेग पुढे दंतकथा बनला. मिनिटाला पंधरा नेम धरलेल्या गोळ्या ही शिपायाकडून अपेक्षा होती. त्या वेगात बोल्टच्या गुळगुळीत चालीइतकाच वाटा त्या तालमीचा होता.

आता बिघाड शोधण्याबद्दल, कारण रिमलॉक हा ली-एन्फील्डचा सगळ्यात प्रसिद्ध आजार असला तरी सगळ्यात जास्त होणारा नसावा असं माझं मत आहे. गोळी नीट चढत नसेल तर पहिला संशय मॅगझीनवर घ्यावा. तीच रायफल, दुसरी पेटी. अडचण गेली तर दोष पेटीत, नाही गेली तर पुढे शोधा. दारू नसलेली सरावाची काडतुसं यासाठीच असतात, जिवंत गोळीवर असले प्रयोग करत नाहीत. पेटीत दोष असेल तर बहुतेक वेळा तो ओठांत. एका बाजूचा ओठ जरा उघडा पडला, की काडतूस वेळेआधी सुटतं आणि त्याचं नाक कुठेतरी तिरकं घुसतं. ओठ जास्त मिटले, तर बोल्टला काडतूस सुटत नाही. स्प्रिंग थकली तर गोळी उशिरा वर येते आणि बोल्ट तिच्यावरून निघून जातो. पेटी धरणारी खीळ झिजली तर अख्खी पेटी जरा खाली बसते आणि लक्षण हुबेहूब थकलेल्या स्प्रिंगचं दिसतं. फसवणारा बग हाच.

पलटणीचा आर्मरर हे ओठ हाताने जुळवायचा. पेटी काढता येत असली तरी ती सटासट बदलण्यासाठी नव्हतीच. भरायचं वरून, चार्जरने, आणि पेटी त्याच रायफलीची सोबतीण. सुरुवातीच्या रायफलींत तर ती साखळीने बांधलेली असे. युद्धं संपल्यावर व्यापाऱ्यांच्या गोदामांत या जोड्या फुटल्या. आज परदेशातले हौशी लोक विकत घेतलेल्या जुन्या रायफलीशी झगडतात, तेव्हा पुष्कळदा ते एका रायफलीत दुसऱ्याच रायफलीची पेटी घालत असतात.

गोळीचा आकार हे आणखी एक कारण. १९१० मध्ये मार्क सेव्हन काडतूस आलं. जुन्या बोथट नाकाच्या जड गोळीऐवजी हलकी, टोकदार गोळी. ती दूर आणि सपाट जायची, पण टोकदार नाक चेंबरकडे वेगळ्या कोनात शिरतं. मॅगझीन बदलावी लागली. गोळी बदलली, पेटी बदलली, रिम तिथेच.

रिम काढायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९१३ मध्ये ब्रिटनने नवी रायफल आणि .२७६ चं रिम नसलेलं काडतूस चाचणीला काढलं. पुढच्याच वर्षी महायुद्ध लागलं. कोट्यवधी काडतुसं, सगळे कारखाने, सगळ्या मशीनगन .३०३ वर उभ्या असताना मधेच बदल कोण करणार? तीच नवी रायफल मग जुन्या रिमवाल्या काडतुसासाठी बदलून अमेरिकेत बनवून घेतली. अमेरिका युद्धात उतरल्यावर त्यांनी तिलाच आपलं रिम नसलेलं काडतूस लावलं, आणि पाच गोळ्यांच्या त्या पेटीत सहावी सहज मावू लागली.

आपल्या बाजूला ही कड खडकीत घडत होती. तिथल्या १८६९ साली सुरू झालेल्या दारूगोळा कारखान्याचा 'केएफ' हा ठसा .३०३ च्या बुडावर, रिमच्या वर्तुळातच, आजही जगभरच्या संग्राहकांना सापडतो. रायफली बंगालमधल्या इशापूरच्या. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या सैन्यात त्या होत्या. तिथली बारीक धूळ आणि पावसातला चिखल बोल्टमध्ये जाऊ नये म्हणून रायफलीला कॅनव्हासचं आवरण बांधायचे. गोळी झाडायची तर आधी आवरण सोडा. हासुद्धा फीडिंगचाच प्रश्न, फक्त कापडाने सोडवलेला.

रिमचा आकार उघड्या डोळ्यांनी बघायचा असेल तर ब्रेन मशीनगनचा फोटो शोधा. मूळ चेक बंदूक रिम नसलेल्या जर्मन काडतुसाची, मॅगझीन सरळ. तीच ब्रिटिशांनी .३०३ साठी घेतली आणि मॅगझीन केळ्यासारखं वाकलं, कारण रिमवाली, निमुळती काडतुसं रचली की रास आपोआप वळते. त्यात तीस मावत, पण शिपाई बरेचदा अठ्ठावीसच भरत, अडकू नये म्हणून. पुढे तीच बंदूक ७.६२ च्या रिम नसलेल्या काडतुसासाठी बदलली, तेव्हा मॅगझीन पुन्हा जवळजवळ सरळ झालं.

या सगळ्यात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी वस्तू वेगळीच आहे. इशापूरमध्ये जुन्या ली-एन्फील्ड नळी आतून गुळगुळीत करून .४१० बोअरच्या मस्केट बनवल्या गेल्या, पोलिसांसाठी आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. त्यांच्या मॅगझीनमध्ये लाकडाचा ठोकळा बसवला. एकावेळी एकच काडतूस, हाताने. बंदूक चोरीला गेली किंवा उलटली तरी लष्कराची गोळी तिच्यात चालू नये आणि दुसरी गोळी पटकन चढू नये, हा हेतू. ज्या पेटीतून गोळी सुरळीत चढावी म्हणून आर्मरर पत्र्याचे ओठ केसभर वाकवत बसायचे, ती पेटी इथे मुद्दाम बंद केली, कारण बंदूक ज्याच्या हातात द्यायची त्या देशी माणसावरच सरकारचा भरवसा नव्हता. १८५७ ची भीती त्या ठोकळ्याच्या आकाराची होती.

आणि ठोकळा काही आभाळातून पडला नव्हता. मूळ ली-एन्फील्डमध्येही कट-ऑफ नावाची सरकती पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझीन झाकलं जाई आणि शिपायाने एकेक गोळी भरून मारायची, पेटीतल्या दहा साहेबांच्या हुकमासाठी राखून. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर ती पट्टी काढून टाकली.

१९६२ मध्ये चिनी सैन्यासमोर आपल्या जवानांच्या हातात बोल्ट ओढायची थ्री नॉट थ्रीच होती. त्यानंतर इशापूरने तिच्याच धाटणीची, पण जास्त मजबूत पोलादाची 'टू-ए' रायफल काढली, ७.६२ काडतुसासाठी. बाहेरून बघणाऱ्याला एकच फरक चटकन दिसतो. मॅगझीनचा तिरका बुडखा जाऊन पेटी चौकोनी झाली. रिम गेली, तिरकेपणा गेला. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातून या नव्या काडतुसांवर 'ओएफव्ही' ठसा पडू लागला.

जुनी थ्री नॉट थ्री मात्र पोलिसांकडे गेली आणि राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटी स्थानकात एके रायफली घेऊन आलेल्यांसमोर काही पोलिसांच्या हातात हीच होती, काहींच्या हातात फक्त लाठ्या. समोर तीस गोळ्यांचं मॅगझीन, इकडे दर गोळीला बोल्ट मागे-पुढे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात.

नागरिकांना मात्र .३०३ बाळगायला पूर्वीपासून मनाई. लष्कराची गोळी लोकांच्या हाती नको, म्हणून इशापूरने परवानाधारकांसाठी वेगळ्या .३१५ काडतुसाची रायफल बनवली. त्या काडतुसालाही रिम आहे.