जोड कोणी केला?

वसंतातल्या या मांडवात इतिहासावर बोलायला कोणी उभे राहिले की आपण पानिपताची किंवा पेशवाईची अपेक्षा करता, आणि ती रास्तच आहे. आमचा आजचा विषय मात्र बोटभर जाडीच्या एका नळीचा आहे. मुंबई-पुण्याच्या अनेक घरांत ही नळी आता बाहेरच्या भिंतीवरून चढत येते, स्वयंपाकघरात शिरते आणि तिच्यातल्या गॅसवर आपला सकाळचा चहा होतो. चहा पिताना तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण त्या नळीला जागोजाग जोड आहेत आणि प्रत्येक जोड कोणा एका माणसाने, हातात पाना घेऊन, आवळलेला आहे. तो माणूस कोण, त्याला ते काम कोणी शिकवले, आणि उद्या जोड सुटला तर जबाब कोणी द्यायचा? हे विचारायला जगाला किती काळ लागला, त्याची हकीकत आम्हांस आज सांगावयाची आहे.

विल्यम मर्डॉक नावाच्या एका स्कॉटिश यंत्रज्ञाने १७९२ च्या सुमारास कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावी आपले घर दगडी कोळशाच्या गॅसने उजळले. १८०७ मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर गॅसचे दिवे लागले आणि १८१२ मध्ये तिथल्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सरकारी सनद मिळाली. इतका गॅस शहरभर न्यायचा तर लोखंडी नळ्या हव्यात, आणि बारीक नळ्या करण्याची सोपी रीत तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. तोच नेपोलियनची लढाई संपली. बंदुकांच्या नळ्यांना गिऱ्हाईक उरले नाही. मग त्याच नळ्यांना आटे पाडून एकीला एक जोडण्यात आल्या आणि त्यांतून दिव्यांना गॅस गेला. इंग्रजी कारागिरांच्या बोलीत गॅसच्या नळीला अजूनही ‘बॅरल’, म्हणजे बंदुकीची नळी, असे म्हणतात. पुढे १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने पत्रा तापवून, वळवून, कडा सांधून नळी ओढण्याचे पेटंट घेतले आणि नळ्या स्वस्त झाल्या.

नळ्या झाल्या, पण त्या जोडणारा कोण? ‘प्लंबर’ हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून आलेला आहे. लंडनमध्ये शिसेकाम करणाऱ्यांचा संघ चौदाव्या शतकापासून होता, त्यांचे नियम होते, उमेदवारी होती. परंतु गॅसचा धंदा नवा. आज लोहारकाम करणारा उद्या गॅसचे काम करू लागला तरी त्याला हटकणारा कायदा नव्हता. कंपनीचे लक्ष मीटरपर्यंत. मीटरच्या अलीकडे घरधन्याचे राज्य, आणि घरधनी बहुधा स्वस्तातला माणूस शोधी. गळती शोधायची तर जोडापाशी मेणबत्ती धरून पाहणारे महाभागही होते. गळती सापडे खरी.

आपल्या मुंबईस हे नवल १८६५ मध्ये आले. भेंडीबाजार, एस्प्लनेड, चर्चगेट या भागांत रस्त्यावर गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे निघाला की माणसांचा घोळका मुकाट्याने त्याच्या मागून चाले, असे त्या काळच्या वर्णनात आढळते. आम्हांला त्या घोळक्याचे हसू येत नाही. निदान ती माणसे दिवा लावणाऱ्याकडे पाहत तरी होती.

कोळशाच्या गॅसचा एक गुण होता. तो विषारी होता, पण त्याला घाण वास येई, त्यामुळे गळती नाकाला कळे. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ५ ते १५ झाले की एक ठिणगी पुरते. याचा अर्थ काय होतो, हे १९३७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सस प्रांतात कळले.

न्यू लंडन हे तेलाच्या मुलखातले गाव. आसपास तेलविहिरी, त्यामुळे शाळा श्रीमंत, इमारत नवी. खोल्या उबदार ठेवण्यासाठी एका मोठ्या बंबातून वाफ फिरवण्याचा वास्तुशिल्पज्ञाचा बेत होता. तो बाजूस सारून खोलीखोलीत गॅसच्या शेगड्या बसवण्यात आल्या. १९३७ च्या आरंभी शाळेने गॅस कंपनीशी असलेला करार सोडला. तेलविहिरींच्या वायूतून पेट्रोल काढून घेतल्यावर जो वायू उरे, तो तेलवाले बहुधा जाळून टाकीत. त्याची नळी शाळेजवळून गेली होती. शाळेने तिला जोड घेतला. त्या भागात कित्येक घरे, देवळेसुद्धा असेच करीत आणि तेलवाले काणाडोळा करीत. बचत महिन्याला सुमारे ३०० डॉलर. त्या शाळेला ही रक्कम काही मोठी नव्हती. पण फुकट मिळते ते कोण सोडतो?

जोड नीट नव्हता. वायू गळत राहिला आणि इमारतीच्या तळाखालच्या लांबलचक पोकळीत साठत गेला. मुलांची डोकी दुखत होती, कोणी डोळे चुरचुरतात म्हणून सांगत होते. वास मात्र कोणालाच आला नाही, कारण वास नव्हताच. १८ मार्च रोजी दुपारी तीनच्या सुमारास, शाळा सुटायला थोडासा अवकाश असताना, सुतारकामाच्या वर्गात लाकूड घासण्याच्या विजेच्या यंत्राची कळ दाबली गेली. सारी इमारत वर उचलली गेली आणि खाली बसली. सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुले. तेलविहिरींवर काम करणारे बाप त्या रात्री पावसात हातांनी ढिगारा उपसत होते. शाळेच्या अधीक्षकाचा स्वतःचा मुलगाही त्यांत गेला.

पुढे चौकशी झाली, दावेही झाले. कोर्टाने ना शाळेला जबाबदार धरले, ना तेलकंपनीला. श्रोतेहो, आमच्या मते या हकिकतीत सर्वांत बोचणारी गोष्ट हीच. जोड होता, त्यापायी इतकी मुले गेली, पण त्या जोडाचा धनी कोणीच नव्हता.

त्याच वर्षी टेक्ससने दोन कायदे केले. एक, वायूत दुर्गंधी मिसळलीच पाहिजे. आपल्या गॅसला येणारा तो कुजक्या कांद्यासारखा वास मुद्दाम घातलेला असतो, आणि मिसळण्याचे द्रव्य गंधकाचे असते. (या कायद्याची अंमलबजावणी टेक्ससमध्ये रेल्वे कमिशनकडे दिली गेली. सरकारी खात्यांची नावे आणि कामे यांचा संबंध शोधू नये, हे केवळ आपल्याकडचेच सत्य नव्हे.) दुसरा कायदा इंजिनिअरांच्या नोंदणीचा: ज्याने शिक्षण घेतले नाही, ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याने स्वतःस इंजिनिअर म्हणवून काम करू नये. वास नाकासाठी झाला, नोंदणी जबाबासाठी.

इंग्लंडला हे शिकायला आणखी तीस वर्षे लागली. १६ मे १९६८ च्या पहाटे पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावरच्या बाईने चहासाठी काडी ओढली. स्फोट झाला, भिंतीच्या तयार फळ्या सुटल्या आणि इमारतीचा एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा वरपासून खालपर्यंत घसरला. चार माणसे मेली. ती बाई वाचली. तिची शेगडीही वाचली, आणि पुढच्या घरी ती तिने बरोबर नेली! सरकारी चौकशीत असे दिसले की शेगडीच्या नळीला जोडणारा पितळी नट कमअस्सल होता, आणि तोच मोडला होता. बांधकामाचे दोष मोठे होते आणि चर्चा त्यांचीच अधिक झाली, ती योग्यच. पण आरंभ त्या नटापासून झाला.

त्याच सुमारास, १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत, इंग्रजांनी कोळशाचा गॅस सोडून समुद्रतळाचा नैसर्गिक वायू घेतला. कारागिरांनी एक कोटीहून अधिक घरी जाऊन प्रत्येक शेगडी बदलली. नवा वायू कोरडा असल्याने रस्त्याखालच्या बिडाच्या नळांतले तागाचे जुने जोड सुकून गळू लागले, ही आणखी एक डोकेदुखी. गॅस बसवणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७० मध्ये निघाली, पण ती ऐच्छिक. नाव नोंदल्याविना पैसे घेऊन गॅसचे काम करू नये, अशी सक्ती १९९१ मध्ये आली. १८१२ पासून मोजा: १७९ वर्षे.

नोंदलेला माणूस असे काय वेगळे करतो? आटे पाडणे, जोडद्रव्य लावणे, पाना फिरवणे हे कोणासही चार दिवसांत येईल. घरातल्या गॅसचा दाब म्हणजे फार तर वीतभर पाण्याला उचलून धरण्याइतका. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या काचेच्या नळीत पाणी भरून ती गॅसच्या नळीला लावतात, चाव्या बंद करतात, आत दाब देतात. मग बसायचे आणि पाण्याकडे पाहायचे. पाणी केसभर उतरले तरी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा कोठे येतो ते शोधायचे, जोड खोलायचा, पुन्हा करायचा, पुन्हा बसायचे. दुरुस्तीनंतरही हेच. हे बसणे अर्धवट शिकलेल्या माणसाला जमत नाही, कारण त्याला पुढच्या घरी जायचे असते, आणि घरधन्यालाही वाटते की हा नुसता बसून पैसे घेतो.

मुंबईत घरोघर नळीने वायू पोचवण्यासाठी महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली. या धंद्यावर देखरेख करणारे मंडळ २००६ च्या कायद्याने आले. म्हणजे आपल्याला दुसऱ्यांच्या चुका पाहून सुरुवात करण्याची सोय होती. तरीही आमच्या परिचयाच्या एका घरी स्वयंपाकघर नवे करताना कपाटाच्या आड येते म्हणून गॅसची नळी दोन वीत सरकवली, आणि सरकवली ती सुताराने! काम सुबक झाले होते. यजमानीणबाईंनी आम्हांस ते कौतुकाने दाखवले. कंपनीच्या माणसाला का बोलावले नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, “अहो, तो आठ दिवसांनी येणार, आणि हा इथेच होता ना!” आम्ही त्यांच्याकडून बशीत थोडे साबणाचे पाणी मागून घेतले. एका जोडावर बुडबुडा आला. चावी लगेच बंद केली, खिडक्या उघडल्या आणि कंपनीला कळवले. माणूस त्याच संध्याकाळी आला.

इंग्लंडमध्ये आता नोंदलेल्या कारागिराजवळ त्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र असते. त्याच्या मागच्या बाजूस तो कोणकोणती कामे करण्यास पात्र आहे हे लिहिलेले असते, कारण शेगडी बसवता येणाऱ्यास पाण्याचा बंब बसवता येतोच असे नाही. दार उघडणाऱ्याने ते ओळखपत्र उलटून पाहावे, अशी तिकडे सूचना आहे. पुढची बाजू पाहणारे पुष्कळ भेटतात.