चालत आलेले पुतळे

ज्वारीने भरलेली पत्र्याची कोठी सरकवायची, आणि घरात दुसरं कुणी नाही. मग आपण काय करतो? कोठी जरा कलती करायची, एक कड पुढे फिरवायची, मग दुसरी. डुलत डुलत जाते कोपऱ्यात.

प्रशांत महासागरात रापा नुई नावाचं बेट आहे, नकाशात ईस्टर बेट. तिथे पूर्वजांचे शेकडो दगडी पुतळे आहेत, एकेक कित्येक टनांचा. ते खाणीपासून चालत आले, असं बेटावरचे लोक सांगत. बाहेरच्यांना ती भाकडकथा वाटे. कुणी तर परग्रहावरच्यांनाही श्रेय दिलं!

टेरी हंट आणि कार्ल लिपो या अभ्यासकांनी मात्र चार टनांहून जड नक्कल बनवली. डोक्याला तीन दोर बांधले. दोन बाजूंनी आळीपाळीने ओढायचं, मागच्याने तोल धरायचा. अठरा माणसांनी पुतळा ४० मिनिटांत १०० मीटर चालवला. अगदी आपल्या कोठीसारखा. २०१२ मध्ये हे जगापुढे आलं. सगळ्याच अभ्यासकांना ते पटलेलं नाही.

पण पडलेला पुतळा उभा कसा करायचा? १९५५-५६ मध्ये थोर हेयरडाल यांनी हे बेटावरच्या पेद्रो आतान यांना विचारलं. त्यांनी बारा जणांना घेऊन लाकडी दांड्यांनी पुतळा किंचित उचलला, फटीत दगड सारले, पुन्हा उचलला, पुन्हा दगड. अठरा दिवसांत पुतळा उभा!

ही रीत त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांनी शिकवली होती. मग इतकी वर्षं सांगितली का नाही? तर म्हणे, कुणी विचारलंच नव्हतं.