विद्युत् मोटारगाडी

विद्युत् घटमालेत साठविलेल्या ऊर्जेवर विद्युत् चलित्राच्या (मोटरच्या) साहाय्याने चालणारे रस्त्यावरील वाहन. विद्युत् मोटारगाडीचा इतिहास पेट्रोल मोटारगाडीइतकाच जुना असून या दोहोंपैकी अधिक व्यवहार्य कोणती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चर्चिला जात आहे. यंत्र म्हणून विद्युत् चलित्र अंतर्ज्वलन एंजिनाच्या तुलनेत कधीच उणे नव्हते. विद्युत् मोटारगाडी मागे पडली ती ऊर्जा साठविण्यातील व संपलेली ऊर्जा वाटेत पुन्हा भरून घेण्यातील अडचणींमुळे.

प्रारंभ : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये त्याच्या पट्टिकांत सुधारणा करून त्याची साठवणक्षमता वाढविली. त्याच वर्षी गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये विजेवरील तीनचाकी गाडी चालवून दाखविली. कार्ल बेंट्स यांना पेट्रोल गाडीचे एकस्व (पेटंट) मिळाले ते यानंतर पाच वर्षांनी, १८८६ मध्ये. १८९७ मध्ये लंडन व न्यूयॉर्क येथे भाड्याच्या विद्युत् गाड्या सुरू झाल्या. न्यूयॉर्कच्या स्थानकात ऊर्जा संपलेली घटमाला यांत्रिक साधनांनी काढून तिच्या जागी काही मिनिटांत दुसरी बसवीत. २९ एप्रिल १८९९ रोजी कामीय झेनात्सी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ आशेर येथे विद्युत् गाडीतून ताशी १०५.८८ किमी. वेग गाठला. ताशी १०० किमी.ची मर्यादा ओलांडणारी रस्त्यावरील ही पहिली मोटारगाडी होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९०० च्या गणनेत नोंदलेल्या ४,१९२ मोटारगाड्यांच्या उत्पादनात १,६८१ गाड्या वाफेच्या, १,५७५ विजेच्या व केवळ ९३६ पेट्रोलच्या होत्या.

गुणदोष : त्या काळातील पेट्रोल गाडीचे एंजिन पुढे हँडल मारून सुरू करावे लागे. एंजिनाने उलटा झटका दिल्यास मनगट मोडण्याचा धोका असे. गिअर बदलणे कौशल्याचे काम होते, शिवाय आवाज, धूर व हादरे यांचा त्रास होई. विद्युत् गाडी मात्र कळ फिरविताच निःशब्दपणे निघे. चलित्राचे पीडन परिबल स्थिर अवस्थेपासूनच मोठे असल्याने तिला क्लच व गिअरपेटी यांची गरज नव्हती आणि हलणारे भाग थोडे असल्याने देखभालही कमी लागे. यामुळे शहरातील डॉक्टर व स्त्रिया यांची तिला विशेष पसंती होती. पेट्रोल गाडी सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविणारे हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लॅरा फोर्ड या स्वतः ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विद्युत् गाडी वापरीत.

खरी अडचण घटमालेच्या वजनाची होती. एक किग्रॅ. पेट्रोलमध्ये सु. १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, तर तत्कालीन शिसे-अम्ल घटमालेत दर किग्रॅ.ला २०–२५ वॉट-तासच मावत. एंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया घालविते व चलित्र मिळालेल्या ऊर्जेपैकी सु. ८५ टक्के उपयोगात आणते, हे जमेस धरले तरी एक किग्रॅ. पेट्रोलची बरोबरी करण्यास सु. शंभर किग्रॅ. घटमाला लागे. घटमाला वाढविली की गाडी जड होई आणि वाढीव ऊर्जेचा काही भाग तिचेच वजन वाहण्यात खर्च होई. टॉमस आल्वा एडिसन यांनी या अडचणीवर उपाय म्हणून निकेल-लोह घट तयार केला. पहिल्या घटांत गळती आढळल्याने त्यांचे उत्पादन थांबवावे लागले आणि सुधारित घट १९१० च्या सुमारास बाजारात येईपर्यंत पेट्रोल गाडी बरीच पुढे गेली होती.

ऱ्हास : १९०१ मध्ये टेक्सस राज्यातील स्पिंडलटॉप येथे खनिज तेलाचा मोठा साठा सापडला व पुढे पेट्रोल स्वस्त झाले. १९०८ मध्ये फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ गाडी ८५० डॉलर किंमतीला विक्रीस आली. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे १९२५ च्या सुमारास तिची किंमत ३०० डॉलरच्याही खाली उतरली. विजेवरील लहान उघडी गाडी मात्र १९१२ मध्ये सु. १,७५० डॉलरना मिळत असे. त्याच वर्षीच्या कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक (सेल्फ स्टार्टर) बसविण्यात आला आणि हँडलचा त्रास संपला. अशा रीतीने चलित्र व घटमाला यांनीच पेट्रोल गाडीचा मोठा दोष दूर केला.

शहरातील रोजच्या फेऱ्यांना विद्युत् गाडीचा पल्ला पुरेसा होता. तथापि ग्राहक गाडीची निवड रोजच्या फेरीवरून न करता वर्षातून क्वचित घडणाऱ्या लांबच्या प्रवासावरून करू लागले. पेट्रोल डब्यांतून खेडोपाडी नेता येई व किराणा दुकानांतही मिळे. वीज मात्र ग्रामीण भागात पोहोचली नव्हती आणि घटमाला विद्युत् भारित (चार्ज) होण्यास कित्येक तास लागत. डिट्रॉइट इलेक्ट्रिकचे उत्पादन १९३९ मध्ये थांबले. यानंतर विद्युत् वाहने प्रामुख्याने ठरावीक मार्गाच्या कामासाठी उरली. ब्रिटनमधील घरोघर दूध पोहोचविणाऱ्या गाड्या हे त्यांचे ठळक उदाहरण होय.

पुनरागमन : १९७३ च्या तेलसंकटाने व शहरांतील हवेच्या प्रदूषणाने विद्युत् गाडीकडे पुन्हा लक्ष वेधले. १९९० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने उत्पादकांवर प्रदूषणरहित गाड्या विकण्याचे बंधन घातले. जनरल मोटर्सने १९९६ मध्ये आणलेली ‘ईव्ही१’ ही गाडीही प्रथम शिसे-अम्ल घटमालेवरच चालत होती. १९९१ पासून विक्रीस आलेल्या लिथियम-आयन घटामुळे परिस्थिती पालटली. या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दर किग्रॅ.ला सु. १५० वॉट-तास वा अधिक ऊर्जा साठविणाऱ्या या घटमालांची किंमत २०१० मध्ये दर किलोवॉट-तासास हजार डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती सु. ११५ डॉलर झाली.

भारतात बंगलोर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी गाडी २००१ मध्ये विक्रीस आली. शिसे-अम्ल घटमालेवरील तिचा पल्ला सु. ८० किमी. होता. टाटा मोटर्सच्या २०२० मधील लिथियम-आयन घटमालेवरील ‘नेक्सॉन’ गाडीचा प्रमाणित पल्ला ३१२ किमी. होता.

वजनाच्या मानाने ऊर्जा साठविण्यात पेट्रोल अद्यापही कितीतरी पटींनी पुढे आहे. घटमाला भारित करण्यास जलद सुविधेवरही साधारणतः अर्धा तास लागतो, तर पेट्रोल काही मिनिटांत भरता येते. दर किमी.चा ऊर्जाखर्च, देखभाल व कार्यक्षमता यांत विद्युत् गाडी सरस आहे. गाडीतून धूर निघत नसला, तरी भारतातील बहुतांश वीज दगडी कोळशापासून निर्माण होत असल्याने प्रदूषणाचा काही भाग विद्युत् निर्मिती केंद्राकडे सरकतो. नॉर्वेत करसवलती व मुबलक जलविद्युत् यांमुळे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारगाड्यांपैकी सु. ८९ टक्के गाड्या पूर्णतः विजेवरील होत्या. एकाच प्रकारची गाडी एका देशात व्यवहार्य व दुसऱ्यात गैरसोयीची ठरते, याचे कारण गाडीइतकेच तिच्या मार्गावरील वीजपुरवठ्यात आहे. १९१२ च्या सुमारासही परिस्थिती हीच होती.