कंडक्टरचा जिना, जपानचा आकडा आणि आपला वजनकाटा

आजच्या भागाचं हे लेखी रूप. कानात हेडफोन नसतील तेव्हा वाचायला.

आधी एक काम करा. फोनमधलं पावलं मोजणारं ॲप उघडा. बहुतेकांच्या ॲपमध्ये रोजचं लक्ष्य दिसेल १०,०००. आता मला सांगा, हा आकडा ठरवला कुणी? डॉक्टरांनी? शास्त्रज्ञांनी? सरकारनं?

ठरवला एका यंत्रानं. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं. जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं एक छोटं यंत्र बाजारात आणलं. नाव ‘मानपो-केई’. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मापक. नाव कानाला गोड, लक्षात राहणारं. यंत्र खपलं, चालणाऱ्यांचे क्लब निघाले आणि तो आकडा साठ वर्षं प्रवास करत तुमच्या खिशात येऊन बसला.

पुढे संशोधकांनी हा आकडा तपासून पाहिला. अमेरिकेत १६,७४१ वयस्क स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं. फायदा ७,५०० च्या आसपासपर्यंत वाढत गेला, मग थांबला. हे वयस्क स्त्रियांचं चित्र आहे, विशीतल्या पोरांचं नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्याला आज हवी आहे: सगळ्यात मोठी उडी सुरुवातीच्या थोड्याशा पावलांत होती.

आजचा विषय हाच. वजन हळूहळू, रोजच्या बारीकसारीक बदलांनी कमी करणं. ‘महिन्यात दहा किलो’वाले व्हिडिओ रोज समोर येतात, त्यांचं सोडा. मला या हळू चालणाऱ्या गोष्टीचा इतिहास सांगायचाय. कारण तो माहीत नसला की माणूस दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काट्याकडे बघतो, वैतागतो आणि चांगली चाललेली सवय सोडून देतो.

लंडनची डबल डेकर

चला लंडनला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे रुग्ण वाढतायत आणि कारण नीट कळत नाहीये. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरच्या डोक्यात आलं, लोक काय काम करतात याचा याच्याशी संबंध असेल का?

त्याला एक झकास जोडी सापडली. लंडनच्या डबल डेकर बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघं एकाच बसमध्ये, एकाच संस्थेच्या नोकरीत, साधारण सारख्याच थरातले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असतो आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसभर वर-खाली करतो. कामाच्या एका दिवसात कंडक्टर साधारण ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. आपल्याकडे मुंबईतही १९३७ पासून बेस्टच्या डबल डेकर धावत होत्या. तिथल्या कंडक्टरला वरच्या मजल्यावर जाताना ज्यांनी पाहिलंय त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र लगेच येईल.

मॉरिस आणि सहकाऱ्यांनी हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी, आणि झालाच तर त्यात लवकर दगावण्याचं प्रमाणही कमी. मग त्यांनी पोस्टमन आणि टपाल खात्यातले बैठं काम करणारे यांची तुलना केली. तिथंही तेच.

यातली गंमत बघा. यातला एकही माणूस ‘व्यायाम’ करत नव्हता. कंडक्टर पायऱ्या चढत होता कारण वर बसलेल्यांचं तिकीट काढायचं होतं.

आता वजनाचं काय? त्यासाठी मॉरिसच्या गटानं भन्नाट युक्ती केली. लंडनच्या बस खात्याकडे सगळ्यांच्या गणवेशाची मापं होती. त्यांनी पँटच्या कमरेची मापं काढली! १९५६ मध्ये ते छापून आलं. ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा जाड.

पण थांबा. हा फरक सगळ्या वयांत दिसला, अगदी तरुण ड्रायव्हरांतही. म्हणजे नुसत्या खुर्चीनं पोट सुटलं असं म्हणता येईना. कदाचित अंगानं जाड माणसंच ड्रायव्हरकीकडे वळत असतील. मग हृदयाचा फायदा जिन्यामुळे की मुळातल्या बारीक अंगकाठीमुळे? त्यांनी हेही पाहिलं. बारीक, मध्यम, जाड असे गट पाडले, तरी कंडक्टरांचं हृदय ड्रायव्हरांपेक्षा सुरक्षित निघालं. म्हणजे जाड कंडक्टरलाही जिना उपयोगी पडत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शंभर कॅलरीचा हिशोब

आता तुमच्या ॲपमधल्या दुसऱ्या आकड्याकडे येऊ. कॅलरी.

१९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरनं हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे साधारण ३,५०० कॅलरी. किलोत सांगायचं तर ७,७०० च्या आसपास. सोपं गणित. ते पुस्तकांत गेलं, दवाखान्यांच्या पत्रकांत गेलं, मग ॲपमध्ये गेलं.

आपण ते चहावर लावून बघू. दिवसाला तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचाभर साखर म्हणजे साधारण पाच ग्रॅम, वीस कॅलरी. सहातले पाच चमचे कमी केले तर रोजच्या शंभर कॅलरी वाचल्या. वर्षाला ३६,५००. भागिले ७,७००. वर्षाला पावणेपाच किलो! मस्तच की.

आता हेच दहा वर्षं चालवा. सत्तेचाळीस किलो. साठ किलोचा माणूस दहा वर्षांनी तेरा किलोचा? नुसती चहाची साखर सोडून? कुठंतरी गणित गंडलंय.

कुठं गंडलंय ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नीट मांडलं. वजन उतरलं की लहान झालेलं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं. रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा कमी डिझेल पितो, तसं. त्यामुळे रोजच्या शंभर कॅलरींची बचत आधी काट्यावर दिसते, मग तिचा असर मंदावत जातो, आणि शेवटी शरीर नव्या वजनावर स्थिरावतं. त्यांच्या हिशोबानं रोज कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर अखेरीस साधारण एक किलो उतरतं. शंभर कॅलरींचे चारेक किलो. त्यातलं निम्मं वजन उतरायला जवळपास एक वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळं उतरायला तीन वर्षं.

म्हणजे साखर सोडणाऱ्याला पहिल्या वर्षी पावणेपाच नाही, दोनेक किलो मिळणार. जुन्या गणितावर विश्वास ठेवणाऱ्याला वाटतं, ‘माझंच काहीतरी चुकतंय, मीच आळशी.’ तसं नसतं. शरीर आपलं काम चोख करत असतं, चूक त्या सरळ रेषेच्या हिशोबात असते. आणि त्या चार किलोंसाठी एक अट आहे, ती मी मुद्दाम वर एका शब्दात सांगितली: कायमच्या. बदल मागे घेतला की शरीरही मागे फिरतं.

मग चार-पाच किलोंनी होतं काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. इतकी वर्षं घालवायची आणि हाती चार किलो?

याचं उत्तर तीन देशांतून आलं. पहिला चीन. दा-चिंग या तेलाच्या शहरात १९८६ मध्ये ५७७ जणांना घेऊन अभ्यास सुरू झाला. या लोकांची साखर वाढलेली होती, पण मधुमेह अजून झाला नव्हता. काहींना आहारात बदल, काहींना चालणं, काहींना दोन्ही. चालणं तरी किती? आधीच्यापेक्षा रोज अर्धा तास सावकाश किंवा वीस मिनिटं जरा भरभर, इतपत. सहा वर्षांनी अभ्यास संपला, पण संशोधकांनी त्या लोकांचा मागोवा सोडला नाही. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा ज्यांनी बदल केले त्यांना मधुमेह सरासरी चारेक वर्षं उशिरा झाला होता, आणि त्यांच्यात मृत्यूही कमी होते.

दुसरी अमेरिका. ३,२३४ लोक, निकाल २००२ मध्ये. लक्ष्य होतं वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतकी हालचाल. प्रत्यक्षात सरासरी साडेपाच किलोंच्या आसपास उतरले. पण मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. दुसऱ्या एका गटाला मेटफॉर्मिन ही गोळी दिली होती, तिथं घट ३१ टक्के. पुढे बऱ्याच जणांचं वजन परत चढलं, तरी दहा वर्षांच्या हिशोबात फायदा पूर्ण पुसला गेला नव्हता.

तिसरा आपला देश. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं ५३१ लोकांवर असाच अभ्यास केला, २००६ मध्ये छापला. आहार आणि चालणं बदललेल्या गटात मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी. आणि त्यांचं वजन? जवळपास होतं तिथंच! काटा हलला नाही, पण आत काहीतरी बदललं होतं.

आठवला तो जाड कंडक्टर?

पुण्याचा फोटो

हे ‘आत काहीतरी’ म्हणजे काय, ते समजायला पुण्यापेक्षा चांगली जागा नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. काटा दोघांबद्दल एकच गोष्ट सांगत होता आणि अर्धीच सांगत होता.

म्हणून भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी वेगळ्या रेषा आखल्या: बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरायचं, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. टेलरकडची टेप काट्याइतकीच कामाची. मॉरिसच्या पँटा उगाच नव्हत्या!

आणि हे करायचं कसं?

यासाठी मला खूप मागे जावंसं वाटतं. चरकसंहितेत अतिस्थूल माणसावर सविस्तर लिहिलंय. कारणं सांगताना अति खाणं, गोड आणि जड अन्न, दिवसा झोपणं, व्यायाम नसणं हे सगळं येतं, आणि बीजस्वभावही येतो. म्हणजे काहींना हे जन्मापासून मिळतं, हे त्या काळच्या वैद्यालाही दिसत होतं. त्यामुळे मित्राला ‘ए जाड्या’ म्हणण्याआधी जरा विचार करा.

त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी सवयी मोडण्याची रीत दिलीय. वाईट सवय एका झटक्यात तोडू नये. चौथा भाग कमी करावा, चौथा भाग चांगल्या सवयीचा घ्यावा, मध्ये दिवस जाऊ द्यावेत, मग पुढचा चौथा भाग. इथं वजनाचा विशेष उल्लेख नाही, कोणत्याही सवयीला लागू होणारा हा नियम आहे. पण चहाच्या साखरेला तो चपखल बसतो. दोन चमच्यांचा दीड. जीभ रुळली की एक.

तर या सगळ्यातून मी एवढंच घेतो. बदल निवडताना ‘यानं किती कॅलरी जळतील’ हे दुय्यम. पहिला प्रश्न असा: हे मी तीन वर्षांनीही करत असेन का? कंडक्टरनं जिना टिकवला कारण तो त्याच्या कामाच्या वाटेवरच होता. तुमच्या वाटेवर काय आहे? एक स्टॉप आधी उतरणं, लिफ्टऐवजी दोन मजले जिना, फोनवर बोलताना फेऱ्या मारणं, रात्रीचा भात एक वाटीनं कमी. यातलं एकच धरा. दुसरं, ते अंगवळणी पडल्यावर. मधुमेहाची किंवा दुसरी काही औषधं चालू असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, हे आहेच.

आणि तीन महिन्यांनी काटा अडला, तर चेन्नईचे ते ५३१ लोक आठवा. जिना सोडू नका.

ता. क. जेरी मॉरिस २००९ मध्ये गेले. वयाच्या ९९ व्या वर्षी. एक किस्सा म्हणून सांगतोय, पुरावा म्हणून नाही!

भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्यांच्या घरी चहा पाकासारखा होतो त्यांना. भेटू पुढच्या भागात.