निदान कोणी करायचं? : हृदयरोग कक्षातल्या परिचारिकांची गोष्ट

आज आपण एका शब्दापासून सुरुवात करू : निदान. १९५५ साली अमेरिकन नर्सेस असोसिएशननं परिचारिकेच्या कामाची व्याख्या केली आणि तिच्यात स्पष्ट लिहिलं, की निदान करणं आणि उपचार ठरवणं या कामात येत नाही. लक्षात घ्या, हे वाक्य परिचारिकांच्याच संघटनेनं लिहिलेलं आहे.

सात-आठ वर्षांतच ते अडचणीत आलं. १९६२ मध्ये कॅन्सस सिटीत डॉ. ह्यूजेस डे यांनी हृदयरोग्यांसाठी वेगळा कक्ष उघडला. त्याच सुमारास फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि परिचारिका रोझ पिनिओ तसाच प्रयोग करत होते. मॉनिटर आले, शॉक देण्याची यंत्रं आली. पण हृदयाची लय बिघडून रक्ताभिसरण थांबलं, की हाताशी असतात जेमतेम चार मिनिटं. मध्यरात्री डॉक्टर झोपेतून उठून येईपर्यंत ती संपलेली असायची. खाटेजवळ कोण? सिस्टर.

मग सिस्टरांना ईसीजी वाचायला शिकवलं गेलं. पडद्यावरची वेडीवाकडी रेघ म्हणजे खरंच जीवघेणी लय, की नुसती छातीवरची तार सुटली आहे? रोग्याकडे बघा, नाडी बघा, मग ठरवा. आणि खरं असेल तर डॉक्टरांची वाट न बघता शॉक द्या. आम्ही तर म्हणू, हे निदान नाही तर दुसरं काय? तेव्हा मात्र त्याला ‘निरीक्षण’ म्हणत. शब्द सांभाळला, काम बदललं!

१९६५ मध्ये कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला, तोही मुलांच्या बाह्य आरोग्यसेवेसाठी. कायदा मागाहून आला : १९७१ मध्ये आयडाहो राज्यानं अशा परिचारिकांना निदानाची मोकळीक दिली. अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरची प्रमाणपत्र परीक्षा तर १९९५ची.

आता खरा प्रश्न शिकवण्याचा. १९७८ मध्ये एल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की डॉक्टर सगळी माहिती गोळा होईपर्यंत थांबत नाहीत. सुरुवातीच्या काही मिनिटांतच दोन-चार शक्यता मनात धरतात आणि पुढचे प्रश्न त्या तपासण्यासाठी विचारतात. १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी अनुभवी परिचारिकांबद्दल वेगळंच मांडलं : त्यांना ‘काहीतरी बिघडतंय’ हे आधी जाणवतं, कारण मागाहून सापडतं.

अतिदक्षतेत शिकणाऱ्या बाईची ओढाताण इथंच आहे. पंधरा वर्षांची जाण तिच्याकडे असतेच. धाप लागलेल्या रोग्याकडे पाहून ती न्यूमोनिया म्हणेल, आणि बहुधा बरोबरही ठरेल. पण फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल तर? हृदय कमी पडत असेल तर? मार्गदर्शक तिला थांबवून विचारतो, ‘आणखी काय असू शकेल? कशावरून नाही?’ जाणकार माणसाला हे ऐकायला जड जातं. काल वॉर्डात जिचा शब्द अखेरचा, ती आज पुन्हा विद्यार्थिनी.

आपल्याकडेही भारतीय परिचर्या परिषदेनं अतिदक्षतेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. तिथल्या विद्यार्थिनींना रात्रपाळीत हाच प्रश्न विचारला जातो : आणखी काय असू शकेल?