एम्बेडेड लिनक्समधील बाह्य टूलचेन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
राउटरसारख्या उपकरणांत सामावलेल्या छोट्या संगणकास एम्बेडेड प्रणाली म्हणतात. त्याची स्मृती व प्रक्रियाशक्ती मर्यादित असल्याने त्यावरील प्रोग्रॅम सामान्यतः दुसऱ्या, अधिक समर्थ संगणकावर तयार केले जातात. त्यासाठी लागणाऱ्या क्रॉस कंपायलर, असेंब्लर, लिंकर व सी लायब्ररी यांच्या संचास टूलचेन ही संज्ञा आहे. ती स्वतः घडवावी की इतरांकडून तयार घ्यावी, या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

स्वनिर्मितीचा कालखंड :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचे लिनक्स कर्नल आले. २००१ मध्ये यूसीलिबसी या लहान सी लायब्ररीच्या विकासकांनी तिच्या चाचणीसाठी बिल्डरूट सुरू केले. ते मूळ सोर्स कोडपासून टूलचेनसह संपूर्ण प्रणाली घडवीत असे. तथापि कंपायलर, लायब्ररी व कर्नल हेडर यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळविणे किचकट होते आणि बांधणीत बराच वेळ जाई.

बाह्य टूलचेनचा स्वीकार :
१९९७ साली स्थापन झालेल्या कोडसोर्सरी या कंपनीने तयार टूलचेन उपलब्ध करून दिल्या. बिल्डरूटनेही बाह्य टूलचेन स्वीकारण्याची सोय केली. अशा वेळी कर्नल हेडरची आवृत्ती व सी लायब्ररी यांची पडताळणी होऊन आवश्यक लायब्ररी उपकरणाच्या फाइल प्रणालीत उतरविल्या जातात. यामुळे वेळ वाचला. परंतु परावलंबित्वही आले. २०१० मध्ये मेंटर ग्राफिक्सने कोडसोर्सरी विकत घेतली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लिनारो या संस्थेने आर्म प्रोसेसरसाठी टूलचेन पुरविल्या. पुढे हे काम आर्म कंपनीकडे गेले. २०१० मध्येच जाहीर झालेल्या योक्टो प्रकल्पाने मात्र स्वतःची टूलचेन घडविण्याचीच मूळ पद्धत ठेवली.

निष्कर्ष :
पुरवठादार बदलतात, उपकरणे मात्र अनेक वर्षे वापरात राहतात. सुरक्षा-दुरुस्तीसाठी जुनी टूलचेन पुन्हा हवी असते, तेव्हा केवळ तयार फाइल पुरेशी ठरत नाही. कंपायलरवरील विश्वासाचा प्रश्न तर केन थॉम्प्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानातच मांडला होता : कंपायलरमध्ये लपविलेला दोष प्रोग्रॅमचा सोर्स कोड वाचून सापडत नाही. जीसीसीच्या परवान्यामुळे सोर्स कोड मिळण्याचा हक्क वापरकर्त्यास आहे. तो कोड व बांधणीची मांडणी जतन केली, तरच बाह्य टूलचेन ही सोय राहते; अन्यथा ती परावलंबन ठरते.